90 चा हट्ट आणि अपुरा पडणारा गिअर

एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 47, वजन 72 किलो. दीड वर्षापूर्वी त्यांनी रोड बाईक घेतली. पुढे पॅडलपाशी 52 आणि 36 दात्यांच्या दोन चकत्या, म्हणजे चेनरिंग, मागच्या चाकावर 11 दातेरी चकत्यांची कॅसेट, सगळ्यांत छोटी चकती 11 दात्यांची आणि सगळ्यांत मोठी 28 ची. सपाटीवर ताशी 26 किलोमीटरने ते आरामात जातात, तेव्हा कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलच्या फेऱ्या, 67-68 असतो. ग्रुपमधल्या मंडळींचं म्हणणं असं, की 90 च्या खाली पॅडल मारणं म्हणजे गुडघ्यांची वाट लावणं. म्हणून त्यांनी दोन महिने जबरदस्तीने 90 धरून पाहिला. धाप लागली, सीटवर उसळायला झालं, वेगही उलट घटला. त्यांच्या नेहमीच्या राइडमध्ये पाच किलोमीटरचा, साधारण 8 टक्क्यांचा चढ आहे. तिथे सगळ्यांत हलक्या गिअरवरही कॅडन्स 50 च्या खाली जातो, वेग ताशी 8 राहतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघ्याची वाटी दुखते. मागे जास्त दात्यांची, म्हणजे आणखी हलका गिअर देणारी मोठी कॅसेट बसवावी असं त्यांच्या मनात आहे, पण विषय काढल्यावर 'गिअर कशाला बदलतोस, आधी पाय कमव' असं ऐकावं लागलं. ते विचारतात: 90 जमत नाही म्हणजे माझं तंत्र चुकतंय का? आणि मोठी कॅसेट ही माझी गरज आहे की पळवाट?

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा बरं वाटलं ते तुम्ही आकडे दिलेत म्हणून. दात्यांची संख्या, वेग, चढ, वजन हे सगळं हाती असलं की अंदाजाने बोलावं लागत नाही, घोडं नेमकं कुठे अडलंय ते दिसतं. माझ्या मते ते तुम्ही समजता तिथे अडलेलंच नाही.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीने बांधल्या आहेत. एक, सपाटीवरचे 68. दुसरी, चढावरचे 49. ग्रुपने 68 ला आजार ठरवलं, तुम्हीही ते मान्य केलं आणि दोन महिने त्यावरच इलाज केलात. पण गुडघा दुखतो तो चढाच्या दुसऱ्या दिवशी, सपाटीच्या राइडनंतर दुखल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

जरा हिशोब मांडू. तुम्ही, सायकल आणि बाटल्या धरून 83 किलोच्या आसपास. वारा नसताना सपाटीवर ताशी 26 ने जायला साधारण 110 वॉट लागतात. 68 च्या कॅडन्सला, 170 मिलिमीटरच्या क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर), पॅडलच्या पूर्ण फेरीत सरासरी जोर पडतो तो नऊ-साडेनऊ किलोच्या वजनाइतका. आता चढ. 8 टक्क्यांवर ताशी 8 ने जायला सुमारे 160 वॉट. वॉट काही फार वाढले नाहीत. पण कॅडन्स 49 वर उतरल्यामुळे तोच सरासरी जोर साडेअठरा किलोच्या पलीकडे जातो, म्हणजे दुप्पट. ही झाली सरासरी. पॅडल पुढे आडवं असताना, जिथे खरा दाब बसतो, तिथला आकडा याच्याही बराच वर असतो. आणि हे सदतीस-अडतीस मिनिटं सलग.

पुढच्या वेळी चढावर हे मुद्दाम निरखून पाहा. 49 च्या कॅडन्सला एक फेरी पुरी व्हायला सव्वा सेकंद लागतो. एक पाय खाली पोचतो, दुसरा अजून माथ्यावरून पुढे सरकलेला नसतो, आणि त्या मधल्या क्षणात सायकल अक्षरशः थबकते. मग पुढचा पाय तिला पुन्हा ओढून काढतो. सायकल चालते आहे असं वाटतच नाही, दर फेरीला दोनदा ती नव्याने सुरू करावी लागते. गुडघ्याची वाटी कुरकुरते ती याला.

म्हणून माझं म्हणणं सरळ सांगते. तुमचा कॅडन्स चुकलेला नाही, तुमच्या सायकलला एक गिअर कमी पडतो आहे.

आता त्या 90 विषयी, कारण हा आकडा इतक्या जणांच्या मानगुटीवर बसलेला आहे की त्याचं मूळ सांगायला हवं. अनुभवी रोड सायकलस्वार स्वतःहून 80 ते 100 च्या दरम्यान पॅडल मारतात, हे खरं आहे. पण ते बहुतेक वेळा तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लावत असतात. बेल्जियमचा दिग्गज शर्यतपटू एडी मर्क्स याने 1972 मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम केला, 49.431 किलोमीटर. ट्रॅकची सायकल, बदलता न येणारा एकच गिअर, पुढे 52 आणि मागे 14. त्या गिअरवर तेवढं अंतर कापायचं तर मिनिटाला सुमारे 105 फेऱ्या होतात. एवढी ताकद कमी कॅडन्सने लावायची म्हटली तर प्रत्येक दाब इतका जड होतो की स्नायू तासभर तग धरू शकत नाहीत. जास्त ताकद लावायची असते म्हणून पाय जलद फिरतात. पाय जलद फिरवले म्हणून ताकद येत नाही.

1999 नंतर टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग चढावर भराभर पॅडल मारताना दिसायचा आणि त्याचा प्रतिस्पर्धी यान उलरिश जड गिअर संथपणे रेटताना. ते दृश्य जगभर पाहिलं गेलं आणि 'जलद पाय म्हणजे बरोबर पाय' असं समीकरण रूढ झालं. पुढे उत्तेजकांमुळे आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं 2012 मध्ये काढून घेतली गेली. त्या शर्यतींवरून कॅडन्सचा नियम काढणं मला तरी पटत नाही. शिवाय संथ पॅडलवाला उलरिशही 1997 ची टूर जिंकलेला होता.

प्रयोगशाळेत वेगवेगळ्या कॅडन्सला किती ऑक्सिजन खर्च होतो ते मोजलं, तर मध्यम जोराला सगळ्यांत काटकसरीचा कॅडन्स 50 ते 70 च्या पट्ट्यात सापडतो. जोर वाढत गेला की हा पट्टाही वर सरकतो. तुम्हाला 90 ला धाप का लागली याचं उत्तर इथेच आहे. रिकामे पाय गोल फिरवायलासुद्धा शक्ती लागते. 110 वॉट लावताना 90 धरलात की पायांचंच वजन इकडून तिकडे नेण्यात तुमचा बराच श्वास खर्ची पडतो. जड गिअर मांड्यांना थकवतो, हलका गिअर हृदयाला आणि फुप्फुसांना. दोन्हीकडे थोडा थोडा भार वाटून देणं एवढंच काम कॅडन्स करतो, आणि वाटणी कशी करायची ते प्रत्येकाच्या शरीरावर अवलंबून.

मग 68 वरच राहायचं का? राहिलात तरी काही बिघडत नाही. पण लांबच्या राइडला शेवटच्या तासात मांड्या भरून येत असतील तर एक छोटी गोष्ट करून पाहा. ताशी 26 ला तुमचा कॅडन्स 67-68 असतो, याचा अर्थ चेन पुढे 52 वर आणि मागे 17 वर असते. वेग तोच ठेवून मागे फक्त एक चकती मोठी घ्या, 19 ची. कॅडन्स आपोआप 75 होईल. त्यापुढची 21 घेतलीत तर 83. तुम्ही ज्या 90 च्या मागे लागला होतात त्यासाठी तुम्हाला थेट 23 वर जावं लागत होतं, म्हणजे एका दमात तीन चकत्या. कुणालाही उसळायला होईल. 19 वर दोन-तीन आठवडे काढा, आकड्याकडे न बघता. श्वास बोलण्याइतका राहतोय का आणि मांड्या किती हलक्या राहतात, एवढंच पाहा. बरं वाटलं तर तिथेच राहा, नाही वाटलं तर 17 वर परत या.

उसळण्याबद्दल. पॅडल खालच्या टोकाला पोचल्यावरही पाय दाबतच राहतो, तो दाब जायला जागा नसते, म्हणून तो शरीरालाच वर ढकलतो. पाय खाली पोचण्याआधीच दाब सोडायला शिकणं हा त्यावरचा उपाय, आणि तो हलक्या गिअरवरच शिकता येतो. चपलेच्या तळाला चिकटलेला चिखल पायरीच्या कडेला मागे खरवडून काढतो ना, तशी पावलाची हालचाल तळाशी व्हायला हवी. राइडच्या सुरुवातीला, पाय गरम झाले की, एक मिनिट हळूहळू गती वाढवत न्या आणि उसळी सुरू झाली की त्याच्या किंचित खाली थांबा. असं तीन-चार वेळा. महिन्याभरात उसळी सुरू होण्याची जागा वर सरकलेली दिसेल. आधी सीटची उंची मात्र तपासा. ती जास्त असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि कितीही सराव केला तरी गती साधत नाही. कमी असेल तर पॅडल माथ्यावर असताना गुडघा नको इतका वाकतो, आणि वाटीच्या दुखण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे चढाकडे. इथे एक सोपा आडाखा सांगते, तो कुणालाही वापरता येईल. 700 च्या चाकाला 25 मिलिमीटरचा टायर असेल तर त्याचा घेर साधारण 2.1 मीटर असतो. पुढे-मागे सारखेच दाते असले, म्हणजे गुणोत्तर एकास एक, आणि कॅडन्स 60 असला, तर वेग ताशी 7.6 किलोमीटर येतो. म्हणून पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा आणि 7.6 ने गुणा. 60 चा कॅडन्स टिकवायला किती वेगाने चढावं लागेल ते कळतं. तुमचा सगळ्यांत हलका गिअर 36 ला 28. भागाकार 1.29, वेग आला ताशी 9.8. म्हणजे तुमची सायकल त्या चढावर तुमच्याकडून ताशी 9.8 ची अपेक्षा करते आहे आणि तुमचे पाय प्रामाणिकपणे 8 देत आहेत. मधला फरक गुडघे भरून काढत आहेत.

यावर दोन वाटा आहेत. पुढची चेनरिंग बदलून 50 आणि 34 ची कॉम्पॅक्ट घेणं, किंवा मागे 11 ते 34 ची कॅसेट. बरेच जण आधी पुढचा भाग बदलायला निघतात, पण तुमच्या आकड्यांवर करून पाहा. ताशी 8 ला 34-28 वर कॅडन्स 49 चा 52 होतो, बस. तेच पुढचे 36 तसेच ठेवून मागे 34 बसवलीत तर 60 होतो. पॅडलवरचा सरासरी जोर साडेअठरावरून सव्वापंधरा किलोवर येतो. पाच किलोमीटरच्या त्या चढात तुम्हाला चारशेच्या आसपास फेऱ्या जास्त माराव्या लागतील, हे खरं, पण प्रत्येक फेरी जवळपास अठरा टक्क्यांनी हलकी असेल. तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्टपणे कॅसेटच्या बाजूने आहे.

मोठ्या कॅसेटमुळे गिअरमधलं अंतर वाढतं आणि सपाटीवर मनासारखा कॅडन्स सापडत नाही, हा आक्षेप तुमच्या कानावर येईल. तो निराधार नाही. पण नेहमीच्या 11 चकत्यांच्या 11-34 मध्ये चकत्या असतात 11, 13, 15, 17, 19, 21, 23, 25, 27, 30, 34. तुमच्या 11-28 शी ताडून पाहा. गळाल्या आहेत त्या 12 आणि 14. तुम्ही जिथे रोज राहता त्या 17, 19, 21, 23, 25 जशाच्या तशा आहेत. 52 ला 14 हा गिअर 80 च्या कॅडन्सला ताशी 37 च्या वर नेतो, तेव्हा त्याची उणीव ज्याला जाणवेल तो जोरदार ग्रुपमध्ये पुढे ओढणारा माणूस. तुम्हाला कधी उतारावर जाणवली तर जाणवेल.

खरेदीआधी मागच्या डिरेलरचं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचं, मॉडेल बघून त्याला कमाल किती दात्यांची चकती चालते आणि त्याची एकूण क्षमता किती, म्हणजे तो किती ढिली चेन सावरू शकतो, हे तपासा. आखूड पिंजऱ्याच्या (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) अनेक डिरेलरना 28 किंवा 30 च्या पुढची चकती झेपत नाही. क्षमतेचा हिशोब असा: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या दोन टोकांमधला फरक. तुमचे आजचे 16 आणि 17 मिळून 33, उद्याचे 16 आणि 23 मिळून 39. क्षमता 39 पेक्षा कमी असेल तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागेल, किंवा 11-32 वर समाधान मानावं लागेल, तेही डिरेलरला चालत असेल तर. 32 ला ताशी 8 वर कॅडन्स 56 मिळतो, तोही आजच्यापेक्षा खूप बरा. आणि चेन जुनीच ठेवू नका. 28 साठी कापलेली चेन 34 ला आखूड पडू शकते. चुकून मोठी चेनरिंग आणि मोठी चकती एकत्र आली तर आखूड चेन ताणून डिरेलर वाकवते, कधी मोडतेही. मेकॅनिककडून सायकल घेताना स्टँडवर ती जोडी एकदा तुमच्यासमोर हळू फिरवून दाखवायला सांगा, मगच रस्त्यावर काढा.

राहिला तो 'पाय कमव' वाला मुद्दा. तुमच्या मनाला तोच जास्त लागलाय, हे पत्रातून जाणवतं. ही टोचणी जुनी आहे. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांना डिरेलर मुळीच मान्य नव्हता. स्नायूंच्या जोरावर जिंकावं, यंत्राच्या मदतीने नव्हे, आणि गिअर हे वय झालेल्यांना ठीक, असंच त्यांचं मत होतं. 1903 मध्ये सुरू झालेल्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला 1937 साल उजाडलं. तोवर चढाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून, उलटं बसवून दुसऱ्या बाजूची चकती लावावी लागायची. आज ती बंदी योग्य होती असं कुणी म्हणत नाही. इटलीतल्या जिरो द'इतालिया या शर्यतीत येणाऱ्या मोंते झोन्कोलान डोंगरावर, जिथे दहा किलोमीटरचा चढ सरासरी 12 टक्क्यांच्या आसपास आहे, व्यावसायिक शर्यतपटूंनीसुद्धा छोट्या चेनरिंग आणि 32 पर्यंतच्या चकत्या लावल्या आहेत. त्यांचे पाय काय कमावलेले नव्हते? त्यांना चढाच्या शेवटीही काही शिल्लक ठेवायचं होतं.

पाय कमावणं वेगळं आणि ते अडकवून ठेवणं वेगळं. काही प्रशिक्षक मुद्दाम 50-60 ला जड गिअरवर काही मिनिटांचा सराव देतात, पण तिथे गुडघा कुरकुरला की हलका गिअर घेऊन थांबता येतं. तुम्हाला त्या चढावर थांबायला गिअरच नव्हता.

दुखण्याबाबत एक विनंती. कॅसेट येईपर्यंत तो चढ टाळा किंवा अर्ध्यावरून वळा. जिना उतरताना दुखणं, वाटीला सूज किंवा गुडघा मध्येच अडकणं, यातलं काहीही दोन आठवडे विश्रांती देऊनही उरलं, तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. गिअर बदलल्याने पुढचा ताण कमी होतो, झालेली इजा तपासून घ्यायलाच लागते.

याच फेऱ्यात अडकलेल्या बाकीच्यांसाठी: तुमचे आकडे या पत्रासारखे असतीलच असं नाही, पण पद्धत तीच. तुमच्या नेहमीच्या वाटेवरचा सगळ्यांत अवघड चढ घ्या. दमलेले असताना, राइडच्या उत्तरार्धात, तिथे किती वेगाने चढता ते नोंदवा. ताज्या पायांचा आकडा फसवतो. मग वरच्या आडाख्याने बघा, 60 साठी तुमची सायकल किती मागते. मागणी तुमच्या वेगाच्या खाली असेल तर सामानाला हात लावू नका, सराव करा. वर असेल तर गिअर बदला. सामान लादून लांब फिरणाऱ्यांनी किंवा वजन जास्त असलेल्यांनी एकास एकच्याही खाली जायला कचरू नये, पुढे 30 आणि मागे 34 असा संच त्यांना खरा सोबती ठरतो. उलट ज्यांच्याकडे चढच नाही त्यांनी जवळजवळच्या दात्यांची कॅसेट ठेवावी. वाऱ्याविरुद्ध जाताना एकेका दात्याचा फरक तिथे कळतो. आणि ज्यांचे पाय सहजपणे 90 ने फिरतात त्यांनी 70 वर यायची काही गरज नाही.

नवी कॅसेट बसली की त्या चढावर पहिल्यांदा जाताना एक करा. पायथ्याशीच, अजून पाय मोकळे असताना, 36 ची चेनरिंग घ्या. भर चढावर, पूर्ण दाबाखाली पुढची चेन बदलायला गेलात तर ती अडकते नाहीतर पडते. मागे मात्र 34 वर लगेच जाऊ नका. 27 किंवा 30 वर सुरुवात करा आणि शेवटची चकती हातची राखून ठेवा. बदलताना अर्ध्या फेरीपुरता पाय सैल सोडा, चेन खडखड न करता सरकेल. मध्येच उभं राहून पॅडल मारावंसं वाटलं तर उभं राहण्याआधी मागे एक-दोन चकत्या जड घ्या, नाहीतर पॅडल पायाखालून निसटल्यासारखं होतं. तिसऱ्या किलोमीटरला उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते तीस सेकंद मोजा. तीस आले की कॅडन्स 60 आहे. पंचवीसच्या खाली गेले तर 34 घ्या, ती त्याच जागेसाठी बसवलेली आहे.